बेण्याला लागलेला हात

सकाळी साडेआठला उकडशाळेतली पातेली शेगडीवर चढत. उकडशाळा हे नाव संशोधन केंद्राच्या एकाही कागदावर सापडणार नाही. तिथे तिला गुणवत्ता चाचणी कक्ष म्हणतात. पण ज्या तीन बायका तिथे दिवसभर रताळी धुवायच्या, उकडायच्या, सोलायच्या आणि किसायच्या, त्यांनी ठेवलेलं नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं, अगदी केंद्रप्रमुख साहेबांच्यासुद्धा.

त्या तिघींतली एक थोरली. घरातली थोरली सून म्हणून घरात थोरली, आणि तिचा नवरा याच केंद्रात ट्रॅक्टर चालवायचा म्हणून केंद्रातही थोरलीच. नवरा तीन वर्षांपूर्वी तापाने चार दिवसांत गेला. त्यानंतर केंद्राने तिला रोजाने कामावर घेतलं. लोक म्हणाले, केंद्राने माणुसकी दाखवली. कामावर ये म्हटल्यावर ती आली, उकडशाळेत बस म्हटल्यावर बसली.

काम सोपं होतं आणि कंटाळवाणं होतं. जाळीच्या पिशवीत तीन रताळी, पिशवीला बांधलेला नंबर. उकळत्या पाण्यात सोडायची, दर पाच मिनिटांनी सळई टोचून बघायची, सळई आरपार गेली की घड्याळात बघून वेळ लिहायची. मग ताटल्यांत फोडी मांडायच्या. दुपारी केंद्रातलीच दहा-बारा माणसं येऊन चाखत आणि गोड, पिठूळ, दोरेदार, पाणचट अशा रकान्यांत खुणा करत. चाखणाऱ्यांना वाणाचं नाव कळू द्यायचं नाही, हा नियम. नाव कळलं की जीभ पक्षपात करते, असं डॉक्टरबाई म्हणत.

थोरली उकळत्या पातेल्यातून काढलेली रताळी चिमट्याशिवाय उचलायची.

"अगं, भाजेल! चिमटा घे की," बाकीच्या दोघी ओरडायच्या.

"नाही भाजत," ती म्हणायची.

आणि तिला खरंच भाजत नव्हतं. निदान भाजल्याचं कळत नव्हतं. नवरा गेल्यापासून तिचं सगळंच तसं झालं होतं. जेवायला वाढलं की जेवायची, बोलावलं की जायची. रडायची नाही म्हणून पहिल्या वर्षी बायका कुजबुजल्या, हसायची नाही म्हणून दुसऱ्या वर्षी कुजबुजल्या, तिसऱ्या वर्षी त्यांनाही कंटाळा आला. तिचा सगळ्यात जास्त वापरलेला शब्द होता "बरं".

डॉक्टरबाई म्हणजे केंद्रात नवे वाण तयार करणाऱ्या संशोधक. डॉक्टर म्हटल्यावर सुरुवातीला आसपासची माणसं दुखरे गुडघे घेऊन त्यांच्या दारात येत, आणि "मी रताळ्यांची डॉक्टर आहे हो" हे सांगता सांगता बाईंच्या नाकी नऊ यायचे. पंचावन्नच्या घरातली, सडसडीत, भराभर चालणारी बाई. रताळ्याच्या वेलाला फुलं येतात हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. बाई पहाटे उठून एका वेलाच्या फुलातला पराग दुसऱ्या वेलाच्या फुलाला लावत. त्यातून जे टणक काळं बी मिळे त्याला कानशीने हलकेच घासून रुजवत. प्रत्येक बी वेगळं रोप देतं, प्रत्येक रोपाला वेगळी रताळी. चार हजार रोपांपासून सुरुवात झाली. नऊ वर्षं टाकत टाकत, गाळत गाळत, शेवटी एकच उरलं. नंबर एकशे बारा.

एकशे बाराची निवड मात्र बाईंच्या नव्हे, थोरलीच्या नजरेने झाली होती. उकडशाळेच्या कोपऱ्यात उरलेली रताळी नंबरवार पडून असत. महिन्याभरात भुंगा त्यांना पोखरून काढी, कडू वास सुटे, मग ती उकिरड्यावर जात. एके दिवशी झाडताना थोरली थांबली. सगळ्या ढिगांना भोकं होती, एका ढिगाला नव्हती. तिने एक रताळं कापून पाहिलं. आत केशरी, कोरडं, स्वच्छ.

"बाई, हे दोन महिने इथेच पडलंय," ती म्हणाली. "भुंगा शिवलाच नाहीये याला."

डॉक्टरबाईंनी ते रताळं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि खाली बसून वहीत लिहिलं. पुढची दोन वर्षं त्याच नंबरावर काम झालं. दर वेळी अहवालात 'साठवणुकीत आढळले' असं छापलं गेलं. कोणाला आढळले, हे छापायचा रकाना अहवालात नव्हता.

आता मुद्द्याचं सांगतो. रताळ्याची लागवड बियाने होत नाही. वेलाचे वीत-दीड वीत लांबीचे तुकडे कापून ते मातीत खोचतात. त्या तुकड्यांना बेणं म्हणतात. आणि त्या भागात सगळ्यांनी मान्य केलेली एक गोष्ट होती: नवरा गेलेल्या बाईचा हात बेण्याला लागता कामा नये. लागला तर वेल वांझोटा होतो. पाला माजतो आणि खाली एक गाठ धरत नाही. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणाला माहीत नव्हतं. पाला माजतो तो खत जास्त झालं म्हणून, हे डॉक्टरबाईंनी शंभरदा सांगितलं होतं. लोक मान डोलवत. खत जास्त झालं तरी माजतो, असं म्हणत. दोन्ही कारणं त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी सुखाने नांदत होती.

थोरलीच्या सासरचा तर धंदाच बेण्याचा. तिचे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणे, ते केंद्राकडून नवा वाण घेत, आपल्या वाफ्यांत वाढवत आणि आसपासच्या शेतकऱ्यांना जुड्या पुरवत. माणूस वाईट नव्हता. थोरलीला त्यांनी घराबाहेर काढलं नव्हतं, तिच्यावर कधी हात उचलला नव्हता, तिच्या मुलीला शाळेत घातलं होतं. फक्त बेणं कापायच्या आदल्या संध्याकाळी धाकटी जाऊ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राही आणि खाली बघत म्हणे, "जाऊबाई, उद्या सकाळी कापणी आहे हं."

"बरं," थोरली म्हणे.

सकाळी ती मागच्या खोलीत जाऊन बसे. दार बाहेरून ओढून घेतलेलं. कडी लावत नसत. लावायची गरजच नव्हती. खोलीत जुनी पोती, मोडका पंखा, मुलीचं जुनं पाळण्याचं कापड. ती फाटके कपडे शिवत बसे. बाहेर विळ्यांचा चर्र चर्र आवाज, धाकटीचं हसणं, जुड्या मोजणारा दिराचा आवाज. टेम्पो भरून निघून गेला की दार उघडे. मग ती बाहेर येऊन अंगणातला कापलेला पाला झाडून काढी.

निंदणीला तिचा हात चालत होता. पाण्याला चालत होता. चार महिन्यांनी जमीन उकरून रताळी काढायला, ती डोक्यावरून वाहायला, निवडायला, तिचा हात सगळ्यांच्या आधी हवा असायचा. हा वेल मोठा समंजस म्हणायचा. नेमका कोणत्या दिवशी अपशकुन मानायचा आणि बाकीचे दिवस राबता हात चालवून घ्यायचा, हे त्याला बरोबर कळत होतं.

थोरलीला याचं काही वाटत नव्हतं. वाटण्याची जागाच आत बधिर झाली होती. ही कथा इथेच संपली असती, आणि अशा किती कथा इथेच संपतात, त्यांची गणती कोणी ठेवत नाही.

तिची मुलगी बिट्टी आठ वर्षांची होती. शाळेत वर्गाच्या बाईंनी प्रत्येक मुलाला रताळ्याच्या वेलाचा एकेक तुकडा दिला, डब्यात लावा आणि रोज किती वाढला ते पट्टीने मोजा म्हणून सांगितलं. बिट्टीने तो दुधाच्या रिकाम्या डब्यात लावून खिडकीत ठेवला. चौथ्या दिवशी तिला शाळेला उशीर झाला. वेणी घालता घालता थोरलीची नजर डब्यावर गेली. माती कोरडी होती. तिने पाण्याचा पेला उचलला.

"आई, तू नको!" बिट्टी ओरडली. "आजी घालेल."

"का गं? मी घातलं तर काय होतंय?"

"तुझा हात लागला तर मरेल ना तो." बिट्टीने हे रागाने म्हटलं नाही. पाढे म्हणावेत तसं म्हटलं. मग आईचं तोंड बघून समजूत घातल्यासारखी पुढे म्हणाली, "फक्त बेण्यालाच गं. बाकी तुझा हात चांगलाय."

थोरलीने पेला खाली ठेवला. "बरं," म्हणाली. उरलेली वेणी घातली, रिबीन बांधली, दप्तर दिलं. मुलगी गेल्यावर ती खिडकीपाशी पडलेले केस वेचू लागली. सासूबाई आत आल्या, डब्यात पाणी घातलं, आणि काही झालंच नाही अशा निघून गेल्या.

त्याच दिवशी उकडशाळेत तिने नेहमीसारखं पातेल्यातलं रताळं हाताने उचललं आणि किंकाळी फोडून टाकून दिलं. रताळं फरशीवर फुटलं. बाकीच्या दोघी धावल्या. तळहातावर टरारून फोड आला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला भाजलं होतं.

डॉक्टरबाई मलम घेऊन आल्या. "असं कसं झालं? तू तर रोज..."

आणि थोरलीने सांगितलं. तीन वर्षांत ती इतकं कधी बोलली नव्हती. डब्याचं सांगितलं, पेल्याचं सांगितलं, मुलगी काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. रडली नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "सासूबाई बोलल्या, आबा बोलले, अख्खं गाव बोललं, मी मनावर घेतलं नाही. पण ती पोर खरं मानतेय, बाई. उद्या ती मोठी होईल. माझ्याकडे बघेल तेव्हा काय बघेल?"

डॉक्टरबाईंना संताप आला. खरा संताप. आणि संतापल्यावर त्या आयुष्यभर जे करत आल्या होत्या तेच त्यांना सुचलं.

"आपण हे मोजू," त्या म्हणाल्या. "वीस ओळी घालू. दहा तू लावायच्या, दहा तुझ्या जावेने. एकच माती, एकच खत, एकाच वेलाचं बेणं. चार महिन्यांनी उकरायचं आणि सगळ्यांसमोर वजन करायचं. एकदा आकडे समोर आले की कोणाची बोलायची छाती होणार नाही. तुझ्या मुलीलाही दाखवू."

"बरं," थोरली म्हणाली.

बाई स्वतः जाऊन आबांशी बोलल्या. त्यांना वाटलं होतं, म्हातारा हुज्जत घालेल. आबा तर खूष झाले. "करा की," ते म्हणाले. "धाकटीला पाठवतो. एकदाचं सगळ्यांना कळूनच जाऊ दे." त्यांना निकालाबद्दल तिळमात्र शंका नव्हती. दोन दिवसांत गावभर झालं. कोणी म्हणे थोरलीच्या ओळीत पाव वजन भरेल, कोणी म्हणे तेवढंही नाही. थोरली बाजारातून जाताना माणसं तिच्या हातांकडे बघू लागली. बाई चांगल्या मनाने जे करायला निघाल्या होत्या त्याने एवढं झालं, की आजवर दाराआड असलेली गोष्ट चव्हाट्यावर आली.

रविवारी सकाळी केंद्राच्या शेतात मातीचे वरंबे तयार होते. एका बाजूला पिवळ्या खुंट्या, दुसऱ्या बाजूला निळ्या. निळ्या थोरलीच्या. बिट्टी बांधावर बसली होती. धाकटी अवघडून उभी होती, तिला हे सगळं लवकर आटपायला हवं होतं. डॉक्टरबाईंनी एकशे बाराच्या दोन जुड्या दोघींच्या हातांत दिल्या.

थोरली पहिल्या वरंब्यापाशी बसली. फोड आलेल्या हाताला फडकं बांधलेलं होतं, दुसऱ्या हाताने तिने बोटभर भोक केलं. तेवढ्यात बांधावरून बिट्टी म्हणाली, "आई, तुझ्या ओळीला कमी लागली तर?"

थोरलीचा हात मातीत तसाच राहिला. मग ती उठली.

"बाई, हे मी नाही करणार."

"अगं, ती लहान आहे. तू लक्ष देऊ नकोस, लाव तू."

"तिच्यामुळेच नाही करणार. माझ्या ओळीत उंदीर लागले तर?"

"म्हणून तर दहा ओळी घेतल्यात. एखादी बिघडली तरी सरासरी..."

"सरासरी मला कळते. शिजायच्या वेळा मीच तर लिहिते." थोरलीचा आवाज चढला नव्हता. ती सावकाश बोलत होती, बऱ्याच दिवसांनी वापरात काढलेली वस्तू जपून वापरावी तशी. "समजा, उंदीर नाही लागले. समजा, माझ्या ओळीत दुप्पट निघाली. मग काय, मी पास? मग मला हात लावायची परवानगी? आणि पुढच्या साली कमी निघाली तर परत मागच्या खोलीत?"

"तसं नाही गं..."

"हिची परीक्षा कोण घेतंय?" तिने धाकटीकडे बोट केलं. "हिचा नवरा जिवंत आहे म्हणून हिच्या ओळी माप, आणि माझा मेला म्हणून माझ्या ओळी तपासाला. हो ना? माझा नवरा तापाने मेला, बाई. चार दिवस मी त्याच्या उशाशी होते. तेव्हा कोणी विचारलं नाही, दवाखाना एवढा लांब का म्हणून. आणि आता चार महिने थांबून मी माझ्या मुलीला सांगू, की तुझ्या आईचा हात चांगला की वाईट ते आता वजनकाट्यावर कळेल?"

धाकटी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. "मला फक्त सिद्ध करायचं होतं," त्या म्हणाल्या.

"कोणाला? तुम्हाला तर ठाऊकच आहे ना?" थोरली थांबली. मग ते बोलली जे सात वर्षांत उकडशाळेतल्या एकाही बाईने तोंडातून काढलं नव्हतं. "आमच्या घरी निदान तोंडाने सांगतात, उद्या कापणी आहे म्हणून. तुमच्याकडे हजेरीच्या वहीत ठिपका असतो."

ठिपका होता. पेन्सिलीने काढलेला, बारीकसा, तिघींच्या नावांपुढे. सात वर्षांपूर्वी एका गावाने केंद्राच्या फाटकावरूनच बेण्याच्या पन्नास जुड्या परत पाठवल्या होत्या, कापणाऱ्यांत एक विधवा होती हे कळल्यावर. जुड्या फाटकापाशीच वाळून गेल्या. तेव्हा डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हाताने पहिला ठिपका काढला. लोकांच्या डोक्यात शिरणं आपलं काम नव्हे, चांगलं रताळं पोरांच्या ताटात पडलं म्हणजे झालं, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. ठिपकेवाल्या बायकांना वर्षभर उकडशाळा. उकडलेलं रताळं काही रुजायचं नाही, त्यामुळे त्याला कोणाचाही हात चालतो. ही सोय इतकी सुटसुटीत होती की ती सोय आहे हेच बाई विसरून गेल्या होत्या. नवा रोजंदार आला की हजेरी लिहिणारा कारकून विचारी, "ठिपका?" आणि बाई मान हलवून हो किंवा नाही म्हणत. रस्त्यात कोणी सांगितलं असतं की तुम्हीही आबांसारख्याच, तर त्यांना हसू आलं असतं.

आता हसू आलं नाही. त्यांना आधी लाज वाटली, आणि मग काहीच वाटेनासं झालं. त्या वरंब्यावर खाली बसल्या.

थोरलीने पिवळ्या खुंट्या उपटल्या, निळ्या उपटल्या, सगळ्या एका जागी टाकल्या. मग पहिल्या वरंब्यापासून लावायला सुरुवात केली. खालची पानं खुडायची, पेरांवरचे तीन डोळे मातीत, शेंडा बाहेर, वरून मूठ दाबायची. धाकटी थोडा वेळ उभी राहिली. हातातली जुडी तिने बांधावर ठेवली आणि ती घरी निघून गेली.

"आई, उगवेल का?" बिट्टीने विचारलं.

"उगवलं तर उगवेल, नाही तर नाही. वेल आहे तो."

बिट्टीचं त्याने समाधान झालं नाही. ती बांधावरून खाली उतरलीही नाही. मुलांना हो किंवा नाही हवं असतं. पण दुपारपर्यंत ती आईचे हात बघत बसून राहिली.

घरी त्या दिवसापासून कोणी तिच्याशी थेट बोललं नाही. ताट वाढलं जाई, पाणी ठेवलं जाई. सासूबाई भिंतीकडे बघून बोलत. आबांनी एकदाच सांगितलं, तेही दिराला उद्देशून, तिला ऐकू जाईल असं: "केंद्राला सांग, एकशे बाराचं बेणं आम्हाला सवाष्ण बाईच्या हातचं लागेल." सवाष्ण कोण आणि कोण नाही, हे केंद्राने शोधून काढायचं होतं.

महिन्याभराने एकशे बारा शेतकऱ्यांना द्यायचा दिवस आला. नऊ वर्षांच्या कामाचा दिवस. आदल्या संध्याकाळी डॉक्टरबाईंनी हजेरीची वही मागवली. ठिपके खोडरबराने पुसता आले असते. बाईंनी ते पान फाडलं आणि सगळी नावं नव्याने लिहून काढली. मग कारकुनाला सांगितलं, "उद्या सकाळी तिघी कापणीला. आणि वाटपाच्या टेबलावर थोरली."

सकाळी साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. साहेब समजूतदार गृहस्थ होते, आवाजही मऊ. "तुमचं मला शंभर टक्के पटतं," ते म्हणाले. "पण आज नको. आजचा दिवस तिला आत बसवा. लोकांनी बेणं नेलं नाही तर तुमचीच नऊ वर्षं मातीत."

"सात वर्षं मी हेच म्हणत आले," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजचा दिवस."

"आणि त्या केशरी रताळ्यातल्या जीवनसत्त्वाने ज्या पोरांची डोळ्यांची दुखणी टळणार, त्यांचं काय? ती थांबू शकतात?"

हा प्रश्न खोटा नव्हता. "एका पोरीला मी ओळखते," त्या म्हणाल्या. "तीही थांबलीये." आणि त्या बाहेर गेल्या.

आवारात साठ-सत्तर माणसं रांगेत उभी होती. ओल्या गोणपाटाखाली जुड्या रचलेल्या होत्या. टेबलामागे थोरली बसली होती, हातावरचा फोड जाऊन तिथे नवी गुलाबी कातडी आली होती. तिच्या शेजारी उलट्या टोपलीवर बिट्टी. शाळा बुडवून तिला आईनेच आणलं होतं.

रांग हलत नव्हती. कोणी ओरडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. माणसं नुसती उभी होती. कोणी तंबाखू मळत होतं, कोणी आभाळाकडे बघत होतं, आणि सगळ्यांना जुड्या हव्या होत्या, कारण एकशे बाराची कीर्ती सगळ्यांच्या कानी गेली होती. ऊन चढलं. डॉक्टरबाईंनी गोणपाटावर दोनदा पाणी मारलं. पन्नास जुड्या फाटकापाशी वाळल्या होत्या, इथे दोन हजार होत्या.

रांगेत सगळ्यांच्या पुढे आबा होते. बेण्याचा सगळ्यात मोठा धंदा त्यांचा, त्यामुळे पहिला मान त्यांचा, आणि ते काय करतात यावर मागची सगळी रांग अवलंबून. ते दोन पावलं पुढे आले. हलक्या आवाजात, जवळजवळ मायेने म्हणाले, "थोरले, ऊठ. घरी चल. तमाशा नको."

थोरली उठली नाही. बिट्टी आधी आजोबांकडे बघत होती, मग आईकडे, मग पुन्हा आजोबांकडे. काय होणार ते तिला ठाऊक नव्हतं. त्या आवारात कोणालाच ठाऊक नव्हतं.

थोरलीने गोणपाट बाजूला केलं. वरची जुडी उचलली, झटकली, पाणी निथळू दिलं. गार पाणी तळहाताच्या नव्या कातडीला झोंबलं, आणि ते झोंबलेलं तिला आता कळत होतं.

"आबा," तिने जुडी पुढे धरून विचारलं, "किती देऊ?"

वाचकहो, आबांनी काय उत्तर दिलं ते मी लिहिणार नाही. त्यांनी जुडी घेतली असं लिहिलं तर तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकून पान मिटाल, आणि नाही घेतली असं लिहिलं तर त्यांच्या नावाने बोटं मोडून मिटाल. दोन्ही वेळी तुमचे हात मोकळेच. मी एवढंच सांगतो की आबांच्या मागे रांग लांब आहे, फाटकाबाहेर गेली आहे, वळली आहे, आणि तिच्यात आपण सगळे आहोत. एक आठ वर्षांची मुलगी उलट्या टोपलीवर बसून एकेकाचं तोंड बघते आहे. तिच्या आईचा हात पुढे आहे.